ग्रेसबाई आणि न सापडलेलं फंक्शन

सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलमध्ये दोनच आवाज येतात. एक मेसच्या मागच्या कुत्र्यांचा. दुसरा कुठल्यातरी रूममधून येणारा आर्त स्वर, की कंपाइल तर झालं होतं राव, मग आता काय झालं!

परवा तो स्वर आमच्याच रूममधून आला. मिनी प्रोजेक्टसाठी सिग्नलचा फूरियर ट्रान्सफॉर्म काढायचा होता. पार्टनरनं तो भाग सी मध्ये लिहिला आणि पायथनच्या शेलमधून वापरायचा असं ठरलं. शेलमध्ये एकेक ओळ टाकायची, उत्तर बघायचं, पुढची ओळ टाकायची. व्हायवाला दाखवायला एकदम सोयीचं. जीसीसीनं चकार शब्द न काढता शेअर्ड लायब्ररी बनवून दिली. शेलमध्ये इम्पोर्ट टाइप केलं, एंटर मारला, आणि समोर लाल अक्षरं: अनडिफाइन्ड सिम्बॉल. पुढे एफएफटीडब्ल्यू या लायब्ररीतल्या एका फंक्शनचं नाव.

पार्टनरनं कोड तीनदा वाचला. लायब्ररी काढून परत इन्स्टॉल केली. शेवटी लिनक्सच पुन्हा टाकतो म्हणून पेन ड्राइव्ह शोधू लागला. पहाटे तीनच्या सुमारास कळलं की चूक कोडमध्ये नव्हतीच. चूक जोडणीत होती. ती कशी सापडली ते सांगणार आहेच, पण मध्ये एका बाईंची गोष्ट सांगतो. कारण मित्रांनो, तुकडे-तुकडे जोडून एक प्रोग्रॅम तयार करायचं हे कंटाळवाणं काम माणसाने का करायचं, यंत्राने का नाही, असा प्रश्न विचारून ज्यांनी ते यंत्राच्या गळ्यात मारलं, त्यांत या बाईंचं नाव फार वरचं आहे.

ग्रेस ब्रूस्टर मरे यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. वडील विमा व्यवसायात होते, आईला गणिताची गोडी होती. सात वर्षांची असताना ग्रेसने घरातलं गजराचं घड्याळ आत काय आहे बघायला उघडलं. परत जोडता येईना, म्हणून जोडणी बघायला दुसरं उघडलं. मग तिसरं. अशी सात घड्याळं खोलून झाल्यावर आईच्या लक्षात आलं. आईने मारलं नाही, यापुढे खेळायला एकच घड्याळ मिळेल एवढं ठरवून दिलं. (आमच्या घरी मी मिक्सर उघडला होता तेव्हा न्याय वेगळा झाला होता.)

व्हासार कॉलेजच्या प्रवेशाला पहिल्या प्रयत्नात लॅटिनमध्ये मार्क कमी पडले आणि एक वर्ष थांबावं लागलं. म्हणजे गॅप पडलेल्यांनी निराश व्हायचं कारण नाही. १९२८ मध्ये गणित आणि भौतिकशास्त्रात पदवी, १९३० मध्ये येलची मास्टर्स, १९३४ मध्ये तिथूनच गणितात पीएच.डी. १९३० मध्येच व्हिन्सेंट हॉपर या साहित्याच्या प्राध्यापकांशी लग्न झालं. ते पुढे टिकलं नाही, १९४५ मध्ये घटस्फोट झाला, पण आडनाव राहिलं आणि जगाला त्या ग्रेस हॉपर म्हणूनच माहीत झाल्या. व्हासारमध्ये त्या गणित शिकवत होत्या. नोकरी पक्की, आयुष्य सरळ रेषेत.

मग युद्ध आलं. डिसेंबर १९४३ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, हॉपरबाई अमेरिकन नौदलाच्या राखीव दलात भरती झाल्या. सहज नव्हे. वय जास्त, वजन १०५ पौंड, म्हणजे ४८ किलोच्या आत, नियमापेक्षा कमी. वजनाच्या अटीतून खास सवलत मिळवावी लागली. प्रशिक्षणात पहिल्या आल्या आणि जुलै १९४४ मध्ये त्यांची नेमणूक झाली ती जहाजावर नाही, हार्वर्ड विद्यापीठात. तिथे हॉवर्ड एकेन यांच्या हाताखाली मार्क वन नावाचं यंत्र होतं. लांबी ५१ फूट, उंची ८ फूट, वजन सुमारे ५ टन, आत साडेसात लाखांच्या वर सुटे भाग. सेकंदाला तीन बेरजा करायचं, गुणाकाराला सहा सेकंद घ्यायचं. आपल्या खिशातला साधा कॅल्क्युलेटर याच्यापुढे देव आहे. एकेनसाहेबांनी स्वागत वगैरे केलं नाही. इतके दिवस कुठे होतात म्हणून आधी झापलं, यंत्र दाखवलं आणि आर्क टॅन्जंटच्या इंटरपोलेशनचे सहगुणक २३ अंकांपर्यंत काढून पुढच्या आठवड्यात द्या म्हणून सांगितलं. मॅन्युअल? नव्हतं. ते पुढे बाईंनीच लिहिलं, १९४६ मध्ये छापून आलं, ५६१ पानांचं.

आता इथे जरा थांबू, कारण आपला विषय इथेच जन्माला येतो.

मार्क वनचा प्रोग्रॅम म्हणजे कागदी पट्टीवर पाडलेली भोकं. साइन काढायची असली की त्यासाठीच्या सूचनांचा एक ठरलेला तुकडा लागायचा. तो तुकडा एकदा नीट चालला की कोणीही तो पुन्हा नव्याने लिहीत नसे. हॉपरबाई, रिचर्ड ब्लॉक आणि रॉबर्ट कॅम्पबेल, सगळे आपापल्या वहीत चाललेले तुकडे उतरवून ठेवायचे. एकाला साइन हवी असली की तो दुसऱ्याची वही मागायचा. अगदी आपण जर्नल मागतो तसं. ही त्यांची लायब्ररी.

आणि जर्नल छापताना जे होतं तेच तिथे व्हायचं. उतरवताना चुका! हॉपरबाईंनी पुढे अनेक भाषणांत हे गमतीने सांगितलं. इंग्रजी बी हे अक्षर कोणीतरी तेरा असं वाचायचं. डेल्टाचा त्रिकोण उतरवताना चार होऊन बसायचा. पुढे मेमरीत प्रोग्रॅम साठवणारी यंत्रं आली तेव्हा आणखी एक भानगड वाढली. वहीतला प्रत्येक तुकडा शून्य क्रमांकाच्या ओळीपासून सुरू होणार असं धरून लिहिलेला असे. तो तुमच्या प्रोग्रॅममध्ये समजा ३१४ व्या जागेवर बसवला, तर त्यातल्या सगळ्या पत्त्यांमध्ये ३१४ मिळवत बसायचं. हातानं. एक बेरीज चुकली की उडी भलत्याच जागी. आणि यंत्र काही तक्रार करणार नाही, ते निमूटपणे चुकीचं उत्तर देणार. लाल अक्षरं नाहीत, काही नाही. मला वाटतं आपल्या अनडिफाइन्ड सिम्बॉलला शिव्या देण्याआधी हे डोळ्यांसमोर आणायला हवं. तो एरर निदान कोणतं नाव सापडलं नाही ते तरी सांगतो.

जाता जाता किड्याची गोष्ट, कारण प्रत्येक फ्रेशर्स क्विझमध्ये हा प्रश्न असतो आणि उत्तर अर्धवट असतं. ९ सप्टेंबर १९४७ रोजी मार्क टू यंत्राच्या ७० नंबरच्या रिलेमध्ये एक पतंग, म्हणजे दिव्यावर झेपावणारा तो किडा, अडकलेला सापडला. ऑपरेटर लोकांनी तो चिकटपट्टीने लॉगबुकात चिकटवला आणि खाली गमतीची नोंद केली. ते पान वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे जपून ठेवलेलं आहे. पण किडा हॉपरबाईंनी शोधला नाही आणि बग हा शब्दही तेव्हा जन्मला नाही. एडिसनच्या काळापासून इंजिनियर तो वापरत होते. बाई ही गोष्ट इतकी रंगवून सांगायच्या की लोकांनी ती त्यांच्याच नावावर जमा केली.

हार्वर्डमध्ये बायकांना कायमची जागा मिळण्याची सोय नव्हती. मुदत संपली आणि १९४९ मध्ये हॉपरबाई फिलाडेल्फियाच्या एकर्ट-मॉकली कंपनीत गेल्या. हा काळ त्यांच्यासाठी फार वाईट होता. लग्न मोडलेलं, युद्धातली माणसं पांगलेली, कंपनी पैशांच्या अडचणीत. दारू वाढली. १९४९ च्या अखेरीस नशेत असताना पोलिसांनी पकडण्यापर्यंत गोष्ट गेली. एडमंड बर्कली या जुन्या सहकारी मित्राने त्यांना स्पष्ट पत्र लिहिलं. थोरामोठ्यांच्या चरित्रात हे पान सहसा गाळतात. मी गाळत नाही, कारण यानंतर दोन-तीन वर्षांत या बाईंनी जे केलं ते या पानासकट वाचलं तर जास्त कळतं.

त्या काळातला एक हलकाफुलका किस्साही आहे. कंपनीचं बायनॅक यंत्र ऑक्टलमध्ये, म्हणजे आठच्या पायावर चालायचं. बाई दिवसभर ऑक्टलमध्ये बेरजा-वजाबाक्या करायला इतक्या सरावल्या की घरचं चेकबुक जुळेना. शेवटी बँकेत असलेल्या भावाने बघितलं, तर मधूनमधून ऑक्टलमध्ये वजाबाकी केलेली!

पुढचं यंत्र युनिव्हॅक. मेमरी फक्त १००० शब्दांची, पण सोबत चुंबकीय टेप होत्या. इथे बाईंच्या डोक्यात आलं की नक्कल करणं आणि बेरीज करणं या दोन गोष्टी माणसाला धड जमत नाहीत, आणि हे अवाढव्य यंत्र नेमक्या त्याच दोन गोष्टींसाठी बांधलेलं आहे. मग वहीतले तुकडे टेपवर का ठेवू नयेत? प्रत्येक तुकड्याला लायब्ररीतल्या पुस्तकासारखा एक नंबर द्यायचा. प्रोग्रॅमरने फक्त नंबर क्रमाने लिहायचे. यंत्र टेपवरून तो तुकडा शोधेल, उतरवेल, पत्त्यांमध्ये हवी ती बेरीज करेल आणि तयार प्रोग्रॅम दुसऱ्या टेपवर देईल. १९५१-५२ मध्ये हे तयार झालं, नाव ए-झीरो. बाईंनी त्याला कंपायलर म्हटलं, आणि शब्दशः बघाल तर बरोबरच आहे, कंपाइल म्हणजे गोळा करून संकलन करणं. पण आपण आज ज्याला कंपायलर म्हणतो ते ए-झीरो करत नव्हतं. ते करत होतं लिंकर आणि लोडरचं काम!

न्यायाने सांगायचं तर केंब्रिजमध्ये एडसॅक यंत्रावर मॉरिस विल्क्स आणि डेव्हिड व्हीलर यांनी सबरुटीनची लायब्ररी याआधीच उभी केली होती, कागदी पट्ट्या कपाटात लावून ठेवलेल्या असत आणि पत्त्यांची बेरीज यंत्र करत असे. पट्टी कपाटातून काढून जोडायची माणसानेच. बाईंनी ते कपाटच यंत्राच्या हाती दिलं.

एक अडचण मात्र चिवट होती. ए-झीरो प्रोग्रॅम एकाच फेरीत जुळवत जायचं, लिहून टेपवर गेलेला भाग परत हाती येत नसे. मागे उडी मारायची असेल तर सोपं, तो तुकडा कुठे बसवला ते माहीत आहे. पण पुढे उडी मारायची असेल तर? जो तुकडा अजून आलाच नाही त्याचा पत्ता कुठून आणायचा?

उत्तर सापडलं बास्केटबॉलमध्ये. बाई कॉलेजात बास्केटबॉल खेळत. त्या वेळच्या मुलींच्या नियमांत चेंडू एकदाच टप्पा पाडता येई, हातात घेऊन पाऊलही टाकता येत नसे. म्हणून चेंडू मधल्या सहकाऱ्याकडे टाकायचा, आपण बास्केटखाली पळायचं आणि तिथे परत घ्यायचा. तसंच त्यांनी केलं. मेमरीच्या टोकाला थोडी जागा राखून ठेवली, एक तटस्थ कोपरा. पुढे मारायची उडी आधी त्या कोपऱ्यातल्या एका घरात टाकायची. मग खरा तुकडा यथावकाश आला, त्याची जागा ठरली, की त्या घरात दुसरी उडी लिहून ठेवायची, तिथून त्या तुकड्याकडे. चेंडू पोचला!

आता गंमत बघा. आपण लिनक्सवर जी शेअर्ड लायब्ररी बनवतो तिच्यातसुद्धा अशीच मधल्या उड्यांची एक तक्ती असते. बाहेरच्या फंक्शनला हाक मारली की हाक आधी त्या तक्तीत जाते आणि तिथून पुढे. खरा पत्ता लोडर नंतर भरतो. ज्या घरात भरायला पत्ताच सापडत नाही, ते घर म्हणजे आमचा पहाटे तीनचा एरर.

तर ती रात्र. जीसीसीला शेअर्ड लायब्ररी बनवायला सांगितली की एखादं फंक्शन न सापडलं तरी तो अडवत नाही. लोड होताना कोणीतरी पुरवेल असं धरून पुढे जातो. म्हणून कंपाइल होताना सगळं शांत. पायथनचा शेल मात्र इम्पोर्टच्या क्षणी सगळी नावं तिथल्या तिथे जोडून मागतो, आणि एक जरी राहिलं तरी दार बंद. आम्ही शेवटी कोड बघायचं सोडलं आणि एलडीडी कमांड चालवली. ती सांगते की या फाइलला कोणकोणत्या लायब्रऱ्या लागतात. यादीत एफएफटीडब्ल्यूचं नावच नव्हतं! नाव असून पुढे नॉट फाउंड आलं असतं तर रोग वेगळा: लायब्ररी आहे पण लोडर त्या फोल्डरमध्ये बघत नाहीये, मग एलडी-लायब्ररी-पाथ तपासायचा. इथे तर नोंदच नाही. एनएम कमांडला वजा-डी लावून बघितलं, त्या फंक्शनपुढे यू हे अक्षर, म्हणजे हवं आहे पण इथे नाही.

पण कमांडमध्ये वजा-एल लावून लायब्ररी दिली होती, पार्टनर शपथ घेऊन सांगत होता. दिली होती, खरंच. आमच्या सी फाइलच्या आधी दिली होती. लिंकर डावीकडून उजवीकडे वाचत जातो. लायब्ररीपाशी आला तेव्हा तिच्यातलं काहीच कोणी मागितलं नव्हतं, आणि उबुंटूवर गरज नसलेली लायब्ररी नोंदीतून गाळण्याची पद्धत आहे. पुढे आमची फाइल आली तेव्हा मागे वळून बघायला तो तयार नाही. एक शब्द उचलून ओळीच्या शेवटी ठेवला, शेल बंद करून नवा उघडला, इम्पोर्ट चाललं. (शेल बंद करणं विसरू नका. एकदा लोड झालेली लायब्ररी त्या शेलच्या मेमरीत तशीच राहते आणि तुम्ही दुरुस्त केलेली फाइल तो बघतच नाही.) आता आम्ही लिंकरला झेड-डेफ्स हा पर्याय देऊन ठेवतो, म्हणजे नाव न सापडल्याची बोंब इम्पोर्टऐवजी लायब्ररी बनतानाच होते.

हॉपरबाईंना मात्र एरर यंत्राकडून नाही, माणसांकडून आला. मे १९५२ मध्ये पिट्सबर्गच्या परिषदेत त्यांनी या कामावर निबंध वाचला. चालणारी गोष्ट हातात होती आणि कोणी तिला हात लावेना. कॉम्प्युटर फक्त अंकगणित करतो, तो प्रोग्रॅम लिहू शकत नाही, असं भल्याभल्यांचं मत होतं. बाई थांबल्या नाहीत. १९५३ मध्ये ए-टू आलं, ते ग्राहकांना दिलं आणि सुधारणा केल्यात तर परत पाठवा असंही सांगितलं.

मग त्यांनी आणखी पुढचं मागितलं, प्रोग्रॅम इंग्रजी शब्दांत लिहायचा. वरिष्ठांना पटवायला छोटं प्रात्यक्षिक केलं, आणि तोच प्रोग्रॅम फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही चालवून दाखवला. वरिष्ठ खूष व्हायच्याऐवजी हादरले. अमेरिकेत बनवलेल्या यंत्राला फ्रेंच आणि जर्मन कसं कळेल? बाईंचा मुद्दा असा की यंत्राला इंग्रजीही कळत नाही, त्याला फक्त खुणा जुळवता येतात. हे वाक्य लिंकरलाही जसंच्या तसं लागू आहे. त्याला तुमच्या फंक्शनचा अर्थ कळत नाही, नाव अक्षरशः जुळलं तर जुळलं. सी++ मध्ये लिहिलेलं फंक्शन सी मधून मागाल तर कंपायलरने त्या नावाला शेपटं लावलेली असतात, आणि एक्स्टर्न-सी लिहिलं नसेल तर समोर उभं असूनही ते सापडत नाही.

त्या प्रयत्नांतून फ्लो-मॅटिक ही भाषा आली, आणि १९५९ मध्ये सरकार आणि कंपन्यांच्या समितीने कोबॉल आखली तेव्हा तिच्यात फ्लो-मॅटिकचा मोठा वाटा होता. कोबॉल एकट्या हॉपरबाईंनी लिहिली असं म्हणतात ते खरं नाही, त्या समितीच्या सल्लागार होत्या. डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबॉल प्रोग्रॅम आरसीए आणि युनिव्हॅक अशा दोन वेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालवून दाखवला गेला, तेव्हा ही मोठीच गोष्ट होती. १९९० च्या दशकाच्या अखेरीस वाय-टू-के च्या कामासाठी पुण्या-मुंबईतली कितीतरी पोरं घाईघाईने कोबॉल शिकली आणि त्यावर परदेशी गेली. तुमच्या एखाद्या काकांनी त्या पैशांतून फ्लॅट घेतला असेल तर त्यात बाईंचा थोडा हात आहे.

१९६६ च्या अखेरीस नौदलाने त्यांना वयामुळे निवृत्त केलं. ऑगस्ट १९६७ मध्ये सहा महिन्यांसाठी परत बोलावलं, कारण प्रत्येक कंपनीचा कोबॉल वेगळा होऊन बसला होता आणि नौदलाचे प्रोग्रॅम एका यंत्रावरचे दुसऱ्यावर चालेनात. बाईंच्या गटाने कंपायलर तपासणारे प्रोग्रॅम लिहिले: तुमचा कंपायलर प्रमाण कोबॉल पाळतो की नाही, यातून पास होऊन दाखवा. सहा महिन्यांचे एकोणीस वर्षं झाले. १९८३ मध्ये कमोडोर, १९८५ मध्ये रिअर ॲडमिरल.

या काळात त्या गावोगावच्या कॉलेजांत भाषणं देत फिरल्या. ऑफिसात उलट फिरणाऱ्या काट्यांचं घड्याळ लावलेलं. भाषणाला येताना तारेचे तुकडे आणत, प्रत्येकी सुमारे ३० सेंटिमीटर. एका नॅनोसेकंदात वीज जास्तीत जास्त एवढंच अंतर कापू शकते, असं सांगून तो नॅनोसेकंद मुलांच्या हातात देत. मग मायक्रोसेकंद काढत, ते जवळपास ३०० मीटर तारेचं भेंडोळं. प्रोग्रॅमरने एक मायक्रोसेकंद वाया घालवताना हे गळ्यात अडकवून बघावं, हा त्यांचा आवडता टोमणा. आमच्या मॅडमनी थर्ड इयरला वायरचा तुकडा वर्गात फिरवला होता, तो कुठून आला ते मला आता कळलं.

१४ ऑगस्ट १९८६ रोजी बोस्टनला यूएसएस कॉन्स्टिट्यूशन या जुन्या युद्धनौकेवर त्यांचा निरोप समारंभ झाला. वय ७९. त्यानंतर डिजिटल इक्विपमेंट कंपनीत सल्लागार म्हणून रुजू झाल्या, म्हणजे निवृत्ती पुन्हा हुकली. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचं निधन झालं, आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत लष्करी इतमामाने त्यांना निरोप दिला गेला. १९९७ मध्ये अमेरिकन नौदलाने त्यांच्या नावाची एक विनाशिका सेवेत घेतली, यूएसएस हॉपर. तिच्यावर रंगवलेला नंबर ७० आहे, किडा सापडलेल्या त्या रिलेचाच. नौदलात नंबर क्रमाने लागतात, त्यामुळे हा निव्वळ योगायोग आहे, पण हॉपरबाईंच्या हाती लागला असता तर त्यांनी प्रत्येक भाषणात सांगितला असता.